तेलाला शेंगदाण्याचा वास येतो

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू तेलाची बाटली परत घेऊन आल्या. लिटरची बाटली, त्यातलं जेमतेम वाटीभर तेल वापरलेलं. आत या म्हणलं तरी येईनात, दारातच उभ्या, पदराशी चाळा चाललेला, आणि म्हणाल्या, "राग मानू नकोस गं, तेल चांगलंच असणार तुझं, पण भाजीला शेंगदाण्याचा वास येतो. नातू ताटच सरकवतो." मी काही हरकत नाही म्हणलं, त्या नको नको म्हणत होत्या तरी पैसे हातात दिले, दार लावलं आणि बाटली ओट्यावर ठेवली. राग खरंच आला नाही. काकू चांगल्या आहेत, उलट बाकीचे लोक न सांगता गप्प पुढच्या महिन्यात ऑर्डर द्यायची बंद करतात, त्यांनी येऊन सांगितलं तरी. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. शेंगदाण्याच्या तेलाला शेंगदाण्याचा वास येतो ही तक्रार असू शकते, आणि ती करणारी बाई चुकीची नाही. नातवाने जन्मल्यापासून ज्या तेलातलं खाल्लंय त्याला वासच नाही, त्याला तो वास परकाच लागणार.

आणि मी तर तो वासच विकतेय.

आमचा लाकडी घाणा आहे, पुण्यात नऱ्ह्याला, भाड्याच्या गाळ्यात. माझी विमा कंपनीतली नोकरी, नवऱ्याची नोकरी, आणि शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी हा उद्योग. गाळ्यात दिवसभर मामा असतात. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, औशाकडचे आहेत, त्यांच्या आजोबांचा गावात बैलाचा घाणा होता, तेलाच्या बाबतीत मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलंय. एका वेळी बारा-तेरा किलो दाणे उखळात टाकायचे, लाकडी मुसळ मिनिटाला बारा-चौदा फेरे घेत राहतं, पहिल्यांदा नुसता भुगा होतो आणि काही होईल असं वाटत नाही, मग मामा हाताने थोडं पाणी शिंपडतात, किती ते कधी सांगत नाहीत कारण दाणा किती सुकलाय त्यावर ते असतं, आणि मग हळूहळू पेंड कडेला धरायला लागते आणि मधे तेल साचतं. तासाभराने तोटी सोडली की कोमट, गढूळ, सायीच्या रंगाचं तेल येतं. बोट बुडवलं तर चटका बसत नाही. ते दोन-तीन दिवस टाकीत स्थिर ठेवायचं, गाळ खाली बसतो, वरचं निवळ तेल कापडातून गाळायचं, बाटल्या भरायच्या. घाणा चालू असताना गाळ्याचं शटर अर्धं वर असलं तरी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत वास येतो, खरपूस म्हणता येणार नाही कारण काही भाजलेलं नसतं, ओल्या शेंगांचा आणि लाकडाचा मिळून असा काहीतरी आहे. पहिल्यांदा तो आला त्या दिवशी मी गाळ्यात उभी राहून रडले होते, मामांनी न बघितल्यासारखं केलं.

रिफाइंड तेलात नेमकं हेच सगळं काढून टाकलेलं असतं. चिकटपणा काढतात, रंग काढतात, आणि शेवटी दोनशे अंशांच्या वर तापवून, हवा काढून घेतलेल्या टाकीत वाफ सोडून वास काढतात. मी त्याला विष वगैरे म्हणणाऱ्यांतली नाही. सुरुवातीला आमच्या धंद्यातले लोक तसली पत्रकं वाटायचे, आम्हालाही छापून घ्या म्हणाले, मी नाही घेतली. खोटी भीती घालून तेल विकायचं नाही हे तेव्हाच ठरलं होतं. पण मग विकायला उरतं काय, तर चव आणि वास. आणि ज्याला तो ओळखीचा नाही त्याला ते कसं सांगायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

मी बार्शीची. आमच्याकडे शेंगदाण्यापेक्षा करडई जास्त. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी लावायचे म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत, आणि थंडीत कोवळ्या पानांची भाजी व्हायची, ती मुलांना आवडायची नाही पण खावी लागायची. काढणी भल्या पहाटे, दंव असेपर्यंतच, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. बायका हातापायाला फडकी गुंडाळून जायच्या आणि उन्हं वर यायच्या आत परत यायच्या. नंतर कधीतरी अप्पा घरच्या करडईचं पोतं तेलघाणीवर घेऊन जायचे आणि मला सायकलवर पुढे बसवायचे. तिथे बसून राहायचं, आपला नंबर येईपर्यंत, आपल्याच पोत्याचं तेल आपल्याच डब्यात पडेपर्यंत. घाणीवाल्याला पैसे द्यायचे, कधी पेंड त्याच्याकडेच ठेवायची आणि हिशोब मिटवायचा. गरम पेंडेचा तुकडा गुळाबरोबर खायला मिळायचा. त्या माणसाला मी कधी कुणाला "आमचं तेल घेऊन बघा" म्हणताना ऐकलं नाही. त्याच्याकडे तेल नव्हतंच. तेल लोकांचं होतं, त्याच्याकडे फक्त घाणा होता.

हे मला आत्ता, काकूंनंतर, लिहिताना लक्षात येतंय.

नव्वदच्या दशकात ते सगळं बघता बघता गेलं. रेशनवर पामतेल आधीपासून मिळायचंच, १९९४ ला पामोलिनची आयात खुली झाली, मग पिशवीतलं सोयाबीन, सूर्यफूल, टीव्हीवर हलक्या फुगलेल्या पुऱ्यांच्या जाहिराती. आईने डॉक्टरांचं ऐकून करडई बंद केली की दुकानात ती मिळेनाशी झाली म्हणून, हे आता विचारायला आई नाही. करडई पेरणारेही कमी होत गेले, काटेरी पीक काढायला माणूस मिळेना, हरभरा-सोयाबीन बरा म्हणून लोक तिकडे वळले. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयात जो आनंदाचा शिधा दिला त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होतं. त्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही, शंभर रुपयात दुसरं कुठलं तेल देता आलं असतं? पण फराळ पामतेलातलाच हे आता इतकं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय की चकलीला दाण्याच्या तेलाची चव आली तर ती बिघडली असं वाटतं. आणि आमच्या तेलाला तळताना थोडा फेस येतो, तो बघूनही दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन येतात. मी समजावते. लोक ऐकून घेतात. पुढच्या दिवाळीला येत नाहीत.

२०२१ ला मशीन घेतलं तेव्हा असं काही वाटलंच नव्हतं. लॉकडाऊन नुकता होऊन गेलेला, जो तो प्रतिकारशक्ती, गावरान, देशी हेच बोलत होता, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आली होती, कर्ज घेतलं की पस्तीस टक्के सबसिडी, आमची फाईल पास झाली. मामा म्हणाले आधी सुदुंबऱ्याला जाऊन येऊ, संताजी महाराजांच्या समाधीला. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे, घरचा धंदा तेलाचा. पहिल्या घाण्याची बाटली तिथे ठेवली, मामा बराच वेळ हात जोडून उभे होते. पहिलं वर्ष खरोखर छान गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की बाटल्या संपायच्या, ऑफिसमधल्या मुली न्यायच्या, नवरा रविवारी स्कूटरवर क्रेट बांधून कोथरूडपर्यंत जायचा. मग दुसऱ्या वर्षी आमच्याच रस्त्यावर एक घाणा आला, पुढच्या चौकात एक, आणि हळूहळू लोकांचं नवेपण गेलं, किंवा पगार कापले गेले, किंवा घरात कुणालातरी वास आवडला नाही.

हिशोब नवरा बघतो आणि त्याचा हिशोब स्वच्छ असतो. दहा किलो दाण्यातून चार-सव्वाचार किलो तेल, म्हणजे साडेचार लिटर, कारण लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दाणे १२५ रुपये किलो धरले, पेंड विकून आले ते वजा केले, तर नुसतं तेल लिटरला २३० च्या आसपास पडतं. बाटली, लेबल, वीज धरून २६०. आम्ही विकतो ३४० ला. लिटरमागे राहिले ऐंशी. गाळ्याचं भाडं, मामांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला चाळीस हजार, म्हणजे पाचशे लिटर विकलं की आम्ही शून्यावर. चांगल्या महिन्यात दोनशेच्या वर जात नाही, दिवाळी सोडून. उरलेलं माझ्या पगारातून. बाजारात "लाकडी घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल" २२० ला लिटर मिळतं, ते बघून लोक मला विचारतात तुमचं इतकं महाग का, आणि मला खूप त्रास होतो कारण २२० ला तर दाणे पण सुटत नाहीत. त्यात काय मिसळलंय हे मला माहीत नाही पण नुसते दाणे नाहीत एवढं गणित सांगतं. दुकानात ठेवायला गेलं तर दुकानदार पंचवीस टक्के मागतो आणि पैसे दीड-दोन महिन्यांनी, न खपलेल्या बाटल्या परत. बाटली खवट होण्याआधी खपली पाहिजे, आपल्या तेलात टिकवायला काही घातलेलं नसतं.

पाचशे लिटर म्हणजे किती, तर घरटी महिन्याला चार लिटर धरलं तर सव्वाशे घरं. पुण्यात सव्वाशे घरं. हा आकडा मला रात्री झोपू देत नाही, कारण तो इतका लहान आहे. नुसत्या आमच्या गल्लीत तेवढी घरं आहेत. आणि वर मी स्वतःच गिऱ्हाईकाला सांगते की तेल जपून वापरा, डॉक्टर माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे म्हणतात ते बरोबर आहे, भाजीला दोन चमचे पुरतात. मला दुसरं काही सांगता येणार नाही.

सप्टेंबर २०२४ मधे सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वीस टक्क्यांनी वाढवलं, ऐन सणाच्या तोंडावर रिफाइंड वर गेलं, तेव्हा वाटलं आता फरक कमी झालाय तर लोक वळतील. नाही वळले. ज्याचं बजेट कोलमडलं तो आणखी स्वस्तातल्या तेलाकडे गेला, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क परत उतरवलंच. मला त्या दिवसांची आता लाज नाही पण अस्वस्थ वाटतं, लोकांचं महाग होतंय आणि मी मनातल्या मनात आशा धरून बसलेय.

मग काकूंची बाटली आली, आणि त्या रात्री मी गिऱ्हाइकांची वही घेऊन बसले. नवऱ्याची एक्सेल शीट वेगळी, माझी वही वेगळी, त्यात मी कुणी काय सांगितलं ते लिहिते. जे टिकलेत, दर महिन्याला न सांगता ऑर्डर देतात, ते कोण आहेत? एक निवृत्त मास्तर आहेत, जतचे. एक आजी आहेत अकलूजकडच्या, लेक फोन करते पण तेल आजींनाच पाहिजे असतं. धाराशिवचे एक गृहस्थ फक्त करडई घेतात, बाटली घेतल्यावर तिथेच झाकण उघडून वास घेतात, परत लावतात, आणि काही बोलत नाहीत. लातूर, बार्शी, परांडा, सांगोला. जवळपास सगळे चाळिशीच्या पुढचे, आणि सगळ्यांच्या घरी लहानपणी हे तेल होतं. माझ्या तेलाने कुणाला हा वास आवडायला लावला असं एकही नाव त्या वहीत नाही. ज्यांना तो आधीपासून हवा होता ते मला सापडले, बस. इन्स्टावर पैसे टाकून, स्टॉल लावून, चव घ्यायला भाकरी-चटणीचे घास देऊन मी जे काही केलं ते सगळं या लोकांना शोधायला उपयोगी पडलं, नवीन माणूस तयार करायला नाही. आणि अशी माणसं पुण्यात आहेत, नक्की आहेत, पण ती कमी होत जाणार आहेत, त्यांच्या घरातली पोरं ताट सरकवणारच.

माझी स्वतःची लेक. ती आमचं तेल खाते, कारण घरात दुसरं नसतं. मैत्रिणीकडे जेवून आली की म्हणते त्यांची भाजी लाइट असते.

दादा गेल्या वर्षापासून म्हणतोय की घाणा बार्शीला आण. तिकडे अजून लोक आपला माल घेऊन येतात, थोडे का होईना, "आपले शेंगदाणे आणा, तेल काढून मिळेल" अशा पाट्या लागलेल्या असतात, किलोवर पैसे ठरलेले. आपल्याच एसबी-११ वाणाच्या शेंगा, आपल्याच डोळ्यासमोर तेल, भेसळीची भीतीच नाही. आणि आमचे दाणे तरी कुठून येतात, तिकडूनच टेंपोने येतात, आणि आम्ही इथे भाडं भरून त्यांचं तेल करतो. गाळा त्याचा स्वतःचा आहे. मी इतके दिवस नाही म्हणत होते कारण मला ते हरल्यासारखं वाटायचं. लेबलवर आमचं नाव, घरी बसून केलेलं डिझाइन, आईच्या जुन्या फोटोतल्या लुगड्याच्या काठावरून घेतलेली नक्षी, ते सगळं बार्शीच्या घाणीवर कुणाला लागणार नाही, तिथे लोक स्वतःचा डबा आणतात. पण वही बंद केल्यावर पहिल्यांदा मला ते बरोबर वाटलं. ज्याच्या शेतात दाणा आहे त्याला वासाचं काही समजावून सांगावं लागत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो काही वेळ बोललाच नाही. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल त्याला, रविवार मोकळे मिळतील. तो म्हणाला, "कोथरूडच्या मास्तरांना कोण देणार?" एवढंच. सासूबाईंनी तर सरळ सांगितलं की पहिल्या वर्षीच बंद करायला हवं होतं, आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं की आपल्या घरच्यापुरतं तरी तिकडून येईल ना गं. येईल. दादा महिन्यातून एकदा डबे ट्रॅव्हल्सवर टाकेल, वहीतल्या ज्या लोकांना हवंय त्यांना मी पोचवीन, नफा न धरता. त्याला धंदा म्हणायचं नाही असं ठरलंय.

मामांचं मात्र ठरत नाहीये. मला वाटलं होतं ते खूश होतील, औसा बार्शीपासून काही फार लांब नाही, आणि मशीनची नाडी त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही, दादा आत्ताच्या पगारावर घ्यायला तयार आहे. ते नाही म्हणाले. पोरगी अकरावीला आहे, धाकटा इथल्याच शाळेत, बायकोची चार घरची कामं लागलेली. "ताई, मी गाव सोडलं ते काय परत जायला व्हय," म्हणाले, आणि उखळ पुसायला लागले. त्यांच्या आजोबांचा घाणा गेला, मग वडिलांनी मजुरी केली, मग यांनी पुण्यात येऊन सगळी कामं केली, आणि पन्नाशीत परत घाण्यापाशी पोचले ते माझ्यामुळे. आता तो मीच काढून घेतेय. माझी नोकरी आहे, मला हे सोडता येतंय.

गाळेमालकाला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. ती आम्ही दिवाळीनंतर देणार आहोत, दिवाळीच्या ऑर्डरी पुऱ्या करून, म्हणजे मामांचा बोनसही होईल. मी त्यांच्यासाठी विचारत फिरतेय. आमच्याच रस्त्यावरच्या घाणेवाल्याकडे पण गेले, ज्याच्याशी मी कधी धड बोलले नव्हते. तो म्हणाला त्याचंच कसंबसं चाललंय, पण माणूस चांगला असेल तर दसऱ्यानंतर एकदा पाठवा, बघतो.